पूर्ण वाक्यात

लातूर जिल्हा झालं आणि गावात एकाएकी साहेबलोकांची, कारकुनांची गर्दी झाली. कचेऱ्या नव्या, टेबलखुर्च्या नव्या, पण राहायला खोल्या त्याच जुन्या आणि त्याही मोजक्या. रामकिशन सोनकांबळे नांदेडहून बदलून आला तेव्हा बायको पंचशीला आणि तीन वर्षांची लेक क्षेमा या दोघींना त्यानं मुखेडजवळच्या खेड्यात आईपाशी ठेवलं आणि खोली शोधायला एकटाच फिरला. ज्या घरी जाई तिथं आधी नाव विचारत, मग आडनाव. आडनाव ऐकलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असे. शेवटी बाजारपेठेमागच्या गल्लीत, अडत दुकानाचे मालक गुरुपादप्पा यांच्या दारात उभा असताना, आडनाव विचारल्यावर तो "मुखेडकर" म्हणाला. "कुणापैकी?" म्हटल्यावर "मराठा" म्हणाला. खोली मिळाली.

पंचशीलाला हे त्यानं सांगितलं ते एसटीत, लातूर जवळ आल्यावर.

"आता हितनं पुढं तू शीला. नुसती शीला. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेतच राहू दे. आन माय कधी आली तर तिला सांग, दारात जयभीम घालू नको म्हणावं."

पंचशीला खिडकीतून बाहेर बघत राहिली. ती नांदेडच्या वसतिगृहात राहून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. धर्मांतरानंतर घरात जन्मलेलं पहिलं लेकरू म्हणून बापानं तिचं हे नाव हौसेनं ठेवलं होतं आणि गावभर सांगितलं होतं. ते असं मधूनच कापलेलं तिच्या जिवाला लागलं. पण पोरगी मांडीवर झोपलेली, बिऱ्हाड एसटीच्या टपावर बांधलेलं. ती "बरं" म्हणाली.

गुरुपादप्पांचं घर मोठं होतं. पुढं ओटा, मधे अंगण, अंगणात दगडी हौद, आणि हौदापलीकडं भाडेकरूंची एक खोली. घरचे मूळचे उदगीरकडचे लिंगायत, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मालकीणबाई गंगम्मा, सगळ्यांची अक्का, पंचशीलाहून वयानं बरीच मोठी, अंगानं भरलेली, मनानं मोकळी. चार लेकींच्या पाठीवर उशिरा झालेला एक मुलगा, शिवमूर्ती. तो क्षेमाच्याच वयाचा. पहिल्याच आठवड्यात दोन्ही पोरं एका ताटात जेवायला लागली आणि गंगम्मा पंचशीलाच्या चुलीपाशी पाट ओढून बसायला लागली.

"शीला, तुझ्या हातच्या ठेच्याची चव आमच्या बायकांच्या हाताला न्हाई बघ," असं म्हणून ती भाकरीचा तुकडा मोडून घेई. पंचशीलाची नजर दर वेळी कोपऱ्यातल्या ट्रंकेकडं जाई. आणि दर वेळी तिला बरंही वाटे.

क्षेमाला ती पहिल्यापासून घरीच इंग्रजी शिकवत होती. पुस्तक नाही, पाटी नाही. घरात जे असेल तेच धडा. बादली, दोर, स्टोव्ह, कंदील, मांजर. एकच नियम होता, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. नुसतं "बकेट" म्हणून भागायचं नाही. "धिस इज अ बकेट. द बकेट इज एम्प्टी." वसतिगृहात असताना तिनं स्वतः फार सोसलं होतं. शहरातल्या मुली फाडफाड बोलत आणि ही एक शब्द पुढं टाकून थांबून राही, मग मागून हसणं ऐकू येई. ते आपल्या पोरीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

शिवमूर्ती उंबऱ्यावर बसून ऐकू लागला आणि हळूहळू आत आला. मग एके दिवशी गंगम्मानंच विषय काढला. गावात इंग्रजी शाळा निघायची होती. साहेबलोकांच्या पोरांसाठी म्हणून निघत होती, पण पेठेतल्या बड्या लोकांनीही पैसा घातला होता आणि गुरुपादप्पा त्यातलेच एक. शाळेत घ्यायच्या आधी पोराची तोंडी परीक्षा होणार, तीही इंग्रजीत.

"आमच्या घरात इंग्रजी कुणाच्या बापाला येतंय?" गंगम्मा म्हणाली. "तूच बघ आता ह्याचं. क्षेमासंगं ह्यालाबी बसव. तुझं पाण्याचं मी बघते."

पाण्याचं ती आधीपासूनच बघत होती, पण आता उघड झालं. सलग दुसरं वर्ष पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही धारेनं नाही, थेंबानं. गल्लीतल्या बायका उन्हातान्हाचं टँकरमागं धावत. गुरुपादप्पांच्या शेतातल्या विहिरीला अजून पाणी होतं. तिथून बैलगाडीवर टिपाडं भरून येत आणि हौद भरे. त्या हौदातून पंचशीला हवं तेवढं पाणी घेई. तिला कधी कुणी अडवलं नाही, मोजलं नाही.

त्या उन्हाळ्यात तिचा खोलीतला वर्ग चांगला रंगला. शिवमूर्ती लाजरा, पण कानाचा तिखट. तिचा एकेक उच्चार जसाच्या तसा उचलायचा. क्षेमा मात्र बोलण्याची भुकेली. दिसेल त्यावर वाक्य करायची. "द गोट इज ईटिंग द पेपर." "अक्का इज फॅट." यावर पंचशीला जीभ चावे, आणि गंगम्माला अर्थ कळला की ती पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसे. तीही हळूच शिकत होती. तव्यावरची भाकरी उलटताना एकदा इकडंतिकडं बघत म्हणाली, "द रोटी इज हॉट." आणि लगेच, "अय्यो, ह्यांना सांगू नको हां!"

रविवारी दुपारी मात्र खोलीचं दार आतून लागे. मालकांकडची माणसं जेवून आडवी झालेली असत. रामकिशन ट्रंक उघडी, वरच्या साड्या बाजूला करून बाबासाहेबांचा काचेचा फोटो काढी आणि भिंतीला टेकवी. मेणबत्ती लावून तिघंजण हळू आवाजात त्रिसरण म्हणत. मग फोटो परत साड्यांत. एका रविवारी क्षेमानं फोटोवर बोट ठेवून, वर्गात विचारतात तसं, "हू इज धिस?" विचारलं आणि पंचशीलाच्या तोंडून सवयीनं उत्तर गेलं, "धिस इज अवर बाबा. ही इज वेअरिंग अ ब्लू कोट. ही हॅज अ बुक इन हिज हँड." पोरीनं ते दोनदा घोकलं. पंचशीलाला त्या दिवशी फार समाधान वाटलं. ट्रंकेत ठेवाव्या लागणाऱ्या माणसाबद्दल तिची लेक तीन धड वाक्यं बोलत होती.

रामकिशननं लेकीला जवळ घेऊन बजावलं, "हे गल्लीत कुणाला सांगायचं न्हाई हां, बाळा."

"न्हाई सांगत, अप्पा," पोरगी म्हणाली.

मे महिन्याच्या शेवटी शाळेत बोलावणं आलं. खऱ्या आडनावाचा फॉर्म रामकिशननं स्वतः नेऊन दिला होता, गुरुपादप्पांच्या हाती पडू नये म्हणून. दोन्ही घरं मिळून निघाली. गंगम्मानं इरकली साडी नेसली होती. तिनं क्षेमाच्या वेणीला आपल्या हातानं मोगरा माळला. पंचशीलानं रस्त्यानं दोन्ही पोरांना पुन्हा सांगितलं, "भ्यायचं नाही. मॅडम जे विचारतील ते सगळं सांगायचं. पूर्ण वाक्यात."

शाळा म्हणजे एक लांब हॉल, पुढं टेबल. टेबलामागं बाहेरगावाहून आणलेल्या मोठ्या मॅडम, शेजारी कमिटीचे दोघं. आईबाप मागच्या बाकांवर. पोराला नाव आणि बापाचं नाव घेऊन पुकारत.

शिवमूर्ती आधी गेला. नाव सांगितलं, रंग ओळखले, मग घाबरून मागं वळून पंचशीलाकडं बघत राहिला. तिनं लांबूनच मान हलवली. त्यानं पुढचं उत्तर दिलं आणि गुरुपादप्पांनी सुस्कारा टाकला.

मग क्षेमा. पहिल्याच वाक्याला मॅडमनी चष्मा वर केला. "माय नेम इज क्षेमा. आय लिव्ह इन लातूर. माय व्हिलेज इज निअर मुखेड." मॅडमना मजा वाटू लागली. त्या पुढं वाकल्या. घरात काय काय आहे, म्हणून विचारलं. क्षेमा सांगत सुटली. बादली आहे, स्टोव्ह आहे, एक ट्रंक आहे.

"अँड व्हॉट इज इन द ट्रंक?" मॅडमनी हसत विचारलं.

पंचशीला बाकावरून अर्धी उठली.

"अवर बाबा इज इन द ट्रंक," क्षेमा म्हणाली.

हॉलभर हशा पिकला. मॅडमही हसल्या. "युवर फादर?"

"नो, मॅडम. माय फादर इज सिटिंग देअर." तिनं बोट दाखवलं. "अवर बाबा इज इन अ फोटो. ही इज वेअरिंग अ ब्लू कोट. ही हॅज अ बुक इन हिज हँड. ऑन संडे वी क्लोज द डोअर. वी लाइट अ कँडल." क्षणभर थांबून, काही सांगायचं राहू नये म्हणून तिनं तेही सांगितलं, "अप्पा सेज, डोन्ट टेल."

मॅडमना सगळं उमगलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी "व्हेरी गुड" म्हटलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पण टेबलापाशी बसलेला कमिटीचा एकजण मागं वळला आणि हसत हसत गुरुपादप्पांना म्हणाला, "कळालं का अप्पा? निळा कोट, हातात पुस्तक. तुमचे भाडेकरू ना हे?"

गंगम्मानं आपला हात हळूच मांडीवर ओढून घेतला. तोवर तो पंचशीलाच्या हातावर होता.

दोन्ही पोरांना शाळेत घेतलं. मॅडमनी जागीच सांगितलं. कुणी कुणाचं अभिनंदन केलं नाही. परत येताना गंगम्मा शिवमूर्तीला कडेवर घेऊन पुढं निघाली. एवढा मोठा पोरगा, पण उतरू दिला नाही.

घरात शिरल्याबरोबर रामकिशननं पोरीच्या तोंडात मारली. मोगरा खाली पडला.

"सांगितलं व्हतं ना तुला! सांगितलं व्हतं का न्हाई?"

क्षेमा आधी रडलीच नाही, इतकी ती चकित झाली होती. "तुमी गल्लीत सांगू नको म्हणले. ही शाळा होती. आन आई म्हणली, विचारलेलं सगळं सांगायचं." मग तिला रडू फुटलं.

पंचशीलानं तिला ओढून पाठीमागं घेतलं. "तिला काय मारता? खोटं कुणी सांगितलं? तिनं का तुम्ही?"

"मी सांगितलं! सांगितलं म्हणून डोक्यावर छप्पर हाय. दारोदार मी फिरलो, तू न्हाई. तुला काय, तू इंग्रजी शिकिवती. तुझ्या इंग्रजीनंच घालवलं आज."

पंचशीलाला त्याचा राग आला, पण तो बोलला ते खोटं असं म्हणता येईना. ज्या दारांवरून तो परत फिरला होता ती दारं तिनं पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसांचे आवाज आले. पंचशीला घागर घेऊन दार उघडते तो समोर दोन हमाल. एकजण हौदाच्या तळाशी हात घालून बोळा उपसत होता. आदल्या संध्याकाळीच टिपाडं रिकामी करून काठोकाठ भरलेला हौद. बोळा निघाला आणि पाणी धो धो मोरीत, मोरीतून गल्लीत वाहायला लागलं.

गल्लीत आधी कुणाला खरंच वाटेना. मग एक बाई ओरडली आणि घराघरांतून बायका पातेली, तांबे, परात, हाताला येईल ते घेऊन धावल्या. कुणी गटाराच्या कडेला बसून ओंजळीनं घागरीत भरत होती, कुणी पदर भिजवून बादलीत पिळत होती. एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहून शिव्या देत होती, कुणाला ते तिलाही माहीत नसावं. हौद रिकामा झाल्यावर हमाल आत उतरले आणि नारळाच्या काथ्यानं दगड घासू लागले.

गंगम्मा ओट्यावर उभी होती. पंचशीला घागर तशीच कमरेवर घेऊन म्हणाली, "अक्का."

गंगम्मानं पाहिलं नाही. हमालाला म्हणाली, "त्या कोपऱ्यात नीट घासा. तिकडं हात जायचे."

तिचा आवाज चिरकला होता. तिला हे करताना त्रास होत होता हे पंचशीलाला स्पष्ट दिसलं. आणि ते दिसलं म्हणूनच तिला जास्त लागलं. त्रास होत असून ती करत होती. वर्षभर एका तव्यावरची भाकरी मोडून खाल्लेली बाई हौदाचा कोपरा घासून घेत होती.

दुपारी गुरुपादप्पांनी रामकिशनला ओट्यावर बोलावलं. आवाज चढवला नाही, बसायलाही सांगितलं, पण खाली.

"पुतण्या यायलाय उदगीरहून. खोली लागती. चार दिवसांत बघा कुठं तरी," ते म्हणाले. "आमचं काय न्हाई हो. आमच्या धर्मातच न्हाई ते शिवाशिव मानणं. पर तुम्ही खोटं बोललाव. सांगितलं असतं तर आम्ही काय न्हाई म्हणलो असतो?"

रामकिशननं मान वर केली. "म्हणला असता, मालक," तो म्हणाला. एवढंच तो बोलला. पंचशीला दाराआडून ऐकत होती. नवऱ्यावरचा तिचा निम्मा राग तिथंच उतरला. उरलेला राग मात्र आता कुणावर ठेवावा हे तिला कळेना.

गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडं आपल्या माणसांची वस्ती होती. तिथं पत्र्याची एक खोली मिळाली. आडनाव कुणी विचारलं नाही, सगळ्यांना दिसतच होतं. पाणी लांबून, हापशावरून आणावं लागे आणि हापसा उन्हं चढली की कोरडा पडे. पंचशीलानं पहिल्या दिवशी ट्रंकेतून फोटो काढून समोरच्या भिंतीवर लावला. आपल्याला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. तिनं क्षेमाला बोलावून विचारलं, "हू इज धिस?" पोरगी फोटोकडं पाहून बापाच्या हाताकडं बघत राहिली आणि अंगणात पळून गेली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पाऊस नव्हताच. पंचशीला पोरीला रोज रूळ ओलांडून चालत नेई आणि आणे. दोन महिन्यांनी पालकांना बोलावलं. वर्गाच्या बाई तरुण होत्या, पुण्याकडच्या. त्यांच्या टेबलापाशी गंगम्मा आधीच उभी होती. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी ती बाजूला केली.

"शिवमूर्ती फार छान बोलतो," बाई गंगम्माला सांगत होत्या. "उच्चार किती स्वच्छ! आणि कुठलंही उत्तर पूर्ण वाक्यात. बाकीची मुलं एकेक शब्द बोलतात. घरी कोण शिकवतं त्याला?"

गंगम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"घरीच," ती म्हणाली. "त्याचे वडील बघतात."

"वा! वडलांना सांगा, असंच चालू ठेवा." मग बाई पंचशीलाकडं वळल्या. त्यांचा चेहरा मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. "तुम्ही क्षेमाच्या आई ना? ती काहीच बोलत नाही हो. विचारलं की नुसती बघत राहते. परीक्षेत चांगली बोलली म्हणून मॅडमनी हिला घेतलं म्हणे. मला तर नवल वाटतं. कदाचित पाठ करून आली असेल. घरी वातावरण नसलं की असं होतं. तुम्हाला जमेल तेवढं घरी शिकवत जा तिला. दोनचार सोपे शब्द. बादली, मांजर, असे."

पंचशीलाच्या ओठांवर सगळं येऊन थांबलं. शेजारी उभ्या गंगम्माचा हात धरून तिला म्हणता आलं असतं, सांग आता. आपण बी. ए. आहोत, हे इंग्रजीत, एका दमात सांगता आलं असतं. पण गंगम्मा दाराकडं निघाली होती, जवळजवळ पळतच. आणि या बाईंपुढं आपलं शिक्षण मांडावं, तर मग पोरगी मुकी का, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

"हो, बाई," ती म्हणाली. "शिकवते."

बाहेर फाटकापाशी क्षेमा दप्तर घेऊन उभी होती. दोघी उन्हातून चालू लागल्या. रस्त्याच्या कडेला टँकर थांबला होता आणि त्याच्या नळीतून पाणी गळत होतं. पंचशीला खाली वाकली, पोरीच्या उंचीला आली, आणि टँकरकडं बोट दाखवून हळूच म्हणाली, "क्षेमा, व्हॉट इज धिस?"

क्षेमानं आधी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मग आईच्या कानाला तोंड लावून मराठीत विचारलं, "आई, हे सांगायचं का?"

"सांग की," पंचशीला म्हणाली. "हे सांगायचं. कुणी काही म्हणत नाही."

पोरगी बराच वेळ आईच्या तोंडाकडं बघत राहिली. टँकर सुरू झाला, धूळ उडाली, निघूनही गेला. तरी ती काही बोलली नाही.